न विटलेली जागा

१

गारखेड्यात सूतगिरणीच्या मागच्या अंगाला हैदरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढं पत्र्याची शेड आणि मागं मोकळा प्लॉट. त्या रस्त्याला डेंटिंग-पेंटिंगवाले बरेच होते, पण हैदर पेंटला हात लावत नसे. तो फक्त गाडीचं बाहेरचं काळं प्लास्टिक करायचा. बंपर, दाराच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, वायपरखालची जाळी. आपल्याकडच्या उन्हात हे सगळं काही उन्हाळ्यांत विटून राखेसारखं पांढरट पडतं. मग गाडी धुवायची, आधीच्या कुणी थापलेलं पॉलिश काढायचं आणि हीट गननं वीतभर अंतरावरून गरम हवा फिरवत न्यायची. पांढरटपणाच्या खालून काळा रंग हळूहळू वर येतो. इतकी वर्षं करूनही तो रंग वर येताना बघायला हैदरला आवडायचं.

हसीना, त्याची बायको, पैठणची. तिच्या तोंडी दखनीआधी मराठीच यायची. गाड्या धुणं, गिऱ्हाइकांचे फोन घेणं, दुपारी घरून डबा आणणं, सगळं तिच्याकडं. तिला बसून राहणं माहीतच नव्हतं. डबा खातानाही ती उभी असायची, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पाइप.

मे लागला तेव्हा सोयगावहून नानासाहेब एक गाडी ट्रकवर घालून घेऊन आले. बुटकी, दोन दारांची, लाल, परदेशी. त्यांचे थोरले भाऊ आप्पासाहेब यांनी हौसेनं मुंबईहून आणलेली. आप्पासाहेब गेले आणि गाडी मळ्यात उघड्यावर उभी राहिली ती राहिलीच.

"इंजिनाचं काय करायचं?" हैदरनं विचारलं.

"इंजिनाचं काय नाय. हे प्लास्टिक तेवढं काळं करून द्या. सगळं एकसारखं. कुठं फरक दिसायला नको."

हैदर गाडीभोवती फिरला. सगळं प्लास्टिक पार पांढरं झालेलं होतं. फक्त डाव्या दाराची पट्टी मध्येच हातभर काळीभोर होती, कारखान्यातून आज निघाल्यासारखी, आणि तिच्या खालची कडही. काळ्या जागेला ठाम रेघ नव्हती. ती दोन्ही बाजूंनी हलकेच पांढऱ्यात मिसळत गेली होती.

"इथं काय टेकवून ठेवायचात? पोती?"

"नाय. काहीच नव्हतं."

"मग झाड असेल बाजूला."

"झाड कुठलं. मोकळ्यात हुभी होती." नानासाहेब जरा थांबले. "आप्पा तिथं बसायचे दुपारचे. एवढंच."

"उन्हात?"

"सावलीत," नानासाहेब म्हणाले, आणि ट्रकवाल्याशी बोलायला निघून गेले.

२

प्लास्टिक चांगलं निघालं. दोन दिवसांत पुढचा बंपर, दोन्ही दारं आणि मागचा भाग सगळं काळं झालं, डाव्या पट्टीतली ती जागा कुठली हे शोधूनही सापडेना. हैदर खूश झाला. त्याची एक पद्धत होती. काळं झालं की वरचा टिकाऊ थर लगेच द्यायचा नाही. गाडी दिवसभर उन्हात ठेवायची, कच्चं राहिलेलं काही असेल तर उन्हात कळतं. त्यानं गाडी प्लॉटच्या मधोमध उभी केली, मागची बाजू शेडकडं करून, आणि दुसऱ्या कामाला लागला.

संध्याकाळी हसीना पाइप गुंडाळायला मागं गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली.

गाडी पुन्हा पांढरी झाली होती. पुढून, बाजूंनी, सगळीकडून. जी पांढरट व्हायला वर्षं लागली होती ती एका दिवसात परत तशीच. फक्त मागच्या बंपरची उजवी बाजू काळी राहिली होती. हातभर. तशीच, कडा हलक्या.

"प्लास्टिकच भंगार आहे," हैदर म्हणाला.

"मग तेवढंच कसं राहिलं?"

"तिथं जरा जास्त तापवलं गेलं असेल."

तसं झालं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. बंपरवर त्यानं गन सगळीकडं सारखीच फिरवली होती. पण दुसरं उत्तर त्याच्याकडं नव्हतं आणि उत्तर नसलं की तो काम करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी हवा कमी, हात सावकाश. पुन्हा सगळं काळं झालं. पुन्हा गाडी उन्हात राहिली, आणि पुन्हा विटली. काळा तुकडा आता बंपरच्या मधोमध होता, शेडच्या दारासमोर.

३

"परत पाठवा," हसीना म्हणाली. "नक्को ही गाडी."

"काम अर्धं ठेवून गाडी परत पाठवली आहे का मी कधी?"

"नाही पाठवली. म्हणून आता पाठवा."

हैदरनं ऐकलं नाही. हट्ट त्याच्या अंगातच होता, आणि आता त्याला रागही आला होता. प्लास्टिक विटतं ते उन्हानं. म्हणजे जिथं विटत नाही तिथं ऊन पोचत नाही. इतका साधा हिशोब. त्यानं कळकाची एक काठी प्लॉटमध्ये बंपरशेजारी रोवली आणि दुपारी शेडच्या दारातून बघत बसला. सूर्य डोक्यावर होता. काठीची सावली तिच्या बुडाशी मुठीएवढी. शेडची सावली शेडच्या खालीच. आभाळात ढगाचा पुंजका नव्हता.

तो उठला, जाऊन बंपरवर हात ठेवला. डाव्या टोकाला हात टेकवेना, इतकं प्लास्टिक तापलेलं. तो हात सरकवत मध्याकडं नेऊ लागला. काळा भाग आला आणि बोटांखाली माठाचा गारवा लागला.

मग त्यानं विचार केला: इथं सावली पडायची तर अडवणारं काहीतरी हवं. सूर्य वर आहे, तेव्हा ते इथंच हवं, बंपर आणि शेड यांच्या मध्ये, वरून ओणवलेलं. तो त्या जागी जाऊन उभा राहिला.

ऊन लागेना. मेमधली दुपार, आणि त्याच्या मानेवरचा घाम सुकत चालला. कानात उन्हाचा जो एक आवाज असतो तोही थांबला. समोरच्या भिंतीवर, गाडीच्या टपावर पांढरं लख्ख ऊन दिसत होतं. त्यानं खाली बघितलं. पायाशी त्याची स्वतःची सावली नव्हती. मातीच जरा गडद होती, त्याच्याभोवती चहूकडं.

त्यानं एक पाऊल बाजूला टाकलं आणि ऊन पुन्हा खांद्यावर येऊन पडलं.

उन्हात बराच वेळ राहिलं की माणसाला काहीबाही वाटतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. पाणी प्यायला. पण त्या दिवसापासून तो गाडीच्या मागच्या बाजूनं शेडमध्ये येईना, वळसा घालून येऊ लागला.

एक दिवस त्यानं गाडी ढकलत शेडमध्येच घेतली. ऊनच नाही तर भानगडच नाही. प्लास्टिक खरंच काळं राहिलं. पण शेडमध्ये सगळी सावलीच, आणि तिला कडा नव्हती. पत्रा वर तापून कडकड वाजत होता, शेजारचे लोक अंगावर ओले पंचे घेऊन बसले होते, आणि हैदरला काम करताना दिवसभर घाम म्हणून आला नाही. आपण कुठं आहोत आणि ते कुठं आहे हे कळायला काही मार्गच राहिला नव्हता. चारच्या सुमाराला त्यानं हातातली गन ठेवली आणि गाडी एकट्यानं पुन्हा बाहेर ढकलली.

४

मग त्यानं ठरवलं की उन्हात ठेवून बघायचं नाही. काळं करायचं आणि लगेच वरचा थर द्यायचा. तो थर एकदा सुकला की वर्षानुवर्षं उन्हाला दाद देत नाही. सकाळी त्यानं मागच्या बंपरपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत बंपर काळा होऊन वर थर बसला होता, ओला, आरशासारखा चकचकीत. तो हात धुवायला आत गेला. हसीना तेवढ्यात डबा घेऊन आल्याचं त्याला ऐकू आलं. डबा ठेवल्याचा आवाज आला. पाइपचा आला नाही.

तो बाहेर आला तर हसीना मागं जमिनीवर बसली होती. शेडकडं पाठ, गाडीकडं तोंड, मांडी घातलेली, हात मांडीत. भर उन्हातल्या त्या प्लॉटमध्ये ती सावलीत बसली होती.

"हसीना."

तिनं मान वळवली नाही. हैदरची नजर तिच्या डोक्यावरून समोरच्या बंपरवर गेली. ओल्या काळ्या बंपरमध्ये सगळा प्लॉट वाकडा होऊन उतरला होता: आभाळाची पट्टी, शेडचं दार, दारात तो स्वतः, हसीनाचा चेहरा. आणि हसीनाच्या वर कुणीतरी ओणवं झालेलं. निजलेल्या बाळाच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून बाई ओणवी होते तसं, दोन्ही बाजू जमिनीपर्यंत सोडलेल्या.

त्यानं समोर बघितलं. हसीनाच्या वर काही नव्हतं. उन्हानं पांढरी पडलेली हवा होती.

पुन्हा बंपरमध्ये बघितलं. ते तिथंच होतं, पण त्याचं वाकणं आता तिच्याकडं नव्हतं. दाराकडं होतं.

हैदरनं डोळे खाली घातले. मातीवर जिथून गडद भाग सुरू होत होता तिथपर्यंत तो चालत गेला, हात आत घातला, हसीनाचं मनगट धरलं आणि ओढलं. मनगट गार होतं. ती फरफटत उन्हात आली आणि तिनं डोळे उघडले.

"कशाला उठवलं?" ती म्हणाली. "किती बरं वाटत होतं."

"तू कशाच्या सावलीत बसली होतीस?"

तिनं वळून बघितलं. तिला विचार करावा लागत होता.

"तुम्हीच उभे होतात ना माझ्या मागं," ती म्हणाली. "मला वाटलं, ऊन अडवताय."

५

नानासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक घेऊन आले. हैदरनं फोनवर फक्त गाडी घेऊन जा एवढंच सांगितलं होतं. त्यांनी बंपर बघितला आणि त्यांचा चेहरा सैल पडला.

"लई चांगलं झालंय की. दिसत नाय काहीच. बाकीचं पण असंच करा."

"तुम्हाला माहीत होतं, नानासाहेब."

नानासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"रोज बघावं लागतं, हैदरभाई. आज कुठं हाय ते. कधी दारापाशी असतं, कधी मागं. गेल्या साली घराच्या अंगाला आलं. सगळं काळं झालं म्हणजे बघायला नको."

"मग गाडी भंगारात घाला."

"साळू बसते तिथं." साळूबाई म्हणजे त्यांची बायको. "दुपारची जाऊन बसते. आप्पा बसायचे तशीच. गाडी इथं आणली तशी तिनं घास खाल्ला नाय. मी काय करू, सांगा तुम्ही."

काय करायचं ते हैदरला ठाऊक होतं. त्यानं शेडमधून थिनरचा डबा आणि चिंध्या आणल्या आणि बंपरवर दिलेला थर पुसून काढायला घेतला. नानासाहेब म्हणाले, अहो, हे काय करताय. हैदर पुसत राहिला. बंपरचं सगळं तेज उतरेपर्यंत त्यानं हात थांबवला नाही.

"दिसू द्या," तो म्हणाला. "दिसतंय तोवर माणसाला बाजूला सरता तरी येतं."

ट्रक गेला. प्लॉट मोकळा झाला. हैदर भर दुपारी तिथं सगळीकडं चालून आला, कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहिला. सगळीकडं चटके बसत होते. इतकं बरं त्याला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

६

हसीना मात्र बदलली. डबा आणायची, आणि मग प्लॉटमध्ये जाऊन उभी राहायची. काम हातात असायचं, पण हात चालायचे नाहीत. ऊन सोसत नाही म्हणायची. हैदरनं तिला शेडमध्ये पंख्याखाली बसवलं तर म्हणाली, ही सावली गरम आहे.

एकदा भाकरी मोडता मोडता तिनं विचारलं, "ती गाडी कुठल्या गावची म्हणालात?"

"पैठणकडची," हैदरनं मुद्दाम खोटं सांगितलं.

तिनं मान हलवली. गाडी ट्रकवरून उतरली तेव्हा ती शेजारीच उभी होती, आणि गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची. हे त्याला नंतर आठवलं.

पुढच्या आठवड्यात एका दिवशी डबा आला नाही. घराला कुलूप होतं. कोपऱ्यावर रसवंती चालवणारी चतुराबाई म्हणाली, "सकाळीच रिक्षात बसली की ती. स्टँडला चालले म्हणाली. मी म्हणलं एवढ्या उन्हाचं कुठं, तर म्हणे ऊन नाही तिथं."

हैदरनं दुकानाचं शटरही ओढलं नाही. मध्यवर्ती स्टँडवर सोयगावची गाडी लागलेलीच होती. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला, फर्दापूरवरून गाडी आत वळली. खिडकीतून तव्यासारखी हवा येत होती. सगळ्या वाटेत त्यानं एकच गोष्ट मनात धरून ठेवली. हसीनाला घेऊन यायचं. बाकी कशाचा विचार करायचा नाही, कशाकडं बघायचं नाही. नानासाहेबांचा मळा कुठं ते त्यानं कंडक्टरला विचारलं आणि गावाच्या अलीकडं फाट्यावर उतरला.

कापूस निघून गेलेलं, नांगरून उघडं पडलेलं रान. लांबूनच लाल गाडी दिसली. आणि तिच्या कडेला, मातीत, ओळीनं बसलेली माणसं. साळूबाई असावी ती, डोईवर पदर, मान खाली. मग हसीना. तिच्यापलीकडं नानासाहेब, टोपी गुडघ्यावर. तिघांचेही डोळे मिटलेले. तिघांच्या भोवती माती गडद होती आणि त्या गडदपणाला बाहेरून उन्हाची कड होती, स्वच्छ. हसीनाच्या आणि नानासाहेबांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा सोडलेली होती.

हैदर कडेशी येऊन थांबला. त्याच्या पायावर ऊन होतं.

"बसा, हैदरभाई," नानासाहेब डोळे न उघडता म्हणाले. "जागा हाय."

"मी बसायला आलो नाही."

"मी पण नव्हतो आलो. तिला उठवायला आलो होतो."

गारवा कडेवरून बाहेर येत होता, ओल्या मातीच्या वासाचा. तीन तासांच्या प्रवासानं हैदरचं डोकं फुटायला आलं होतं, घसा कोरडा पडला होता, आणि ती मधली जागा समोर होती. वर बघायचं नाही, हे त्यानं पक्कं धरलं. गाडीच्या काचेतही बघायचं नाही. तो फक्त हसीनाच्या हातांकडं बघत होता. त्या हातांवर थिनरचे, पॉलिशचे डाग होते, नखांत काळं होतं. ते मांडीत इतके स्वस्थ पडलेले त्यानं कधी बघितले नव्हते.

त्यानं एक पाय बाहेर ठेवला आणि दुसरा आत टाकला. आतल्या पायाचं दुखणं तत्काळ थांबलं. तो वाकला, दोन्ही हातांनी हसीनाचं मनगट धरलं आणि बाहेरच्या पायावर सगळा भार टाकून ओढलं. ती जड होती. ती झोपेत रडल्यासारखी रडायला लागली. साळूबाईनं न बघताच तिच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं, ते त्यानं सोडवलं. मग एकदम ती सुटली आणि दोघंही ढेकळांत आपटली.

"चल," हैदर म्हणाला. तिला उभं केलं, हात घट्ट धरला आणि फाट्याकडं चालू लागला. मागं वळून बघितलं नाही. नानासाहेबांना हाक मारली नाही. त्याचं त्याला पुढं बरेच दिवस वाईट वाटणार होतं, पण त्या वेळी त्याच्याजवळ एकाच माणसाला ओढण्याइतकं बळ होतं.

थोडं चालल्यावर हसीनाचं रडणं थांबलं. तिची पावलं नीट पडायला लागली. हैदरलाही बरं वाटू लागलं. डोकेदुखी उतरली होती. घाम सुकला होता.

त्याची पावलं एकदा अडखळली. मग त्यानं ती पुन्हा चालती केली.

दोन्हीकडं उघडं रान होतं. फाट्यापर्यंत झाड नव्हतं. समोर रस्त्यावर ऊन पांढरं पडलेलं दिसत होतं, आठ-दहा पावलांवर, आणि ते दोघं पुढं जातील तशी त्या उन्हाची कड पुढं सरकत होती. त्यानं चाल वाढवली. कडेनंही वाढवली.

"हळू चला ना," हसीना म्हणाली. "आता कुठं छान वाटतंय."

"बोलू नको. चालत राहा."

"बसू या का जरा?"

"नाही."

फाट्यावर एस.टी. उभी दिसत होती, दारं उघडी, आत माणसं. हैदरनं त्या माणसांकडं बघितलं, खिडकीशी बसलेल्या लेकुरवाळ्या बाईकडं बघितलं, आणि गाडीकडं न वळता तसाच सरळ पुढं फर्दापूरच्या रस्त्याला लागला. कंडक्टरनं घंटी वाजवून विचारलं, यायचं का. त्यानं हातानंच नाही म्हटलं.

ऊन उतरायला अजून अवकाश होता. तोवर समोरची कड दिसणार होती, म्हणजे ते कुठपर्यंत आहे हे कळणार होतं. मावळल्यावर काय, हे त्यानं मनात येऊ दिलं नाही. त्यानं हसीनाच्या मनगटावरची पकड बदलली, दुसऱ्या हातानं ते अधिक घट्ट धरलं, आणि मान खाली घालून चालत राहिला.